साखरेच्या रिपोर्टवरून रक्तवाहिन्यांचा अंदाज बांधताना या चुका टाळा

फास्टिंग (उपाशीपोटीची साखर) ९६ आली म्हणजे सुटलो, असं मानणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. अनेकांची आधी बिघडते ती जेवणानंतरची साखर. उपाशीपोटीची त्यानंतरही बरीच वर्षं शंभराच्या आत राहू शकते. युरोपातल्या डीकोड अभ्यासात (१९९९) मृत्यूचा धोका फास्टिंगपेक्षा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी मोजलेल्या साखरेवरून अधिक नीट ओळखता आला. आईवडिलांना मधुमेह असेल, गरोदरपणात साखर वाढलेली असेल किंवा कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर फास्टिंगवर थांबू नका. डॉक्टरांना ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या चाचणीबद्दल विचारा. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था, २०० किंवा वर म्हणजे मधुमेह.

ही चाचणी बिघडते ती तयारीत. आधीचे तीन दिवस भात-पोळी कमी करू नका, नेहमीसारखं जेवा. रात्रीपासून किमान आठ तास उपास हवा. ग्लुकोज २५० ते ३०० मिली पाण्यात घालून पाच मिनिटांत संपवायचं आणि पुढचे दोन तास बसून राहायचं. फेऱ्या मारणं नको, सिगारेट नको. साधी पीपी (जेवणानंतरच्या साखरेची चाचणी) करत असाल तर दोन तास पहिल्या घासापासून मोजा, हात धुतल्यापासून नव्हे. रिपोर्ट चांगला यावा म्हणून त्या दिवशी दोनच घास खाल्ले, तर तो रिपोर्ट तुमच्या रोजच्या जेवणाबद्दल काहीच सांगत नाही.

घरून नमुना देताना तो लॅबला कधी पोचणार हे विचाराच. नळीतल्या रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि आकडा तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरतो, म्हणजे १०८ ची साखर तासाभरात शंभराच्या आसपास दिसू शकते. फ्लोराइडची राखाडी झाकणाची नळी ही घट थांबवते, पण तिचा असर व्हायलाही तासभर किंवा जास्त लागतो. नमुना बर्फात ठेवून लवकर पोचवलेला बरा.

एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे पूर्वावस्था, ६.५ पासून मधुमेह. मात्र हा आकडा हिमोग्लोबिनवर उभा आहे. लोहाच्या कमतरतेने तो खोटा वाढतो. रक्तस्राव, रक्त चढवणं किंवा पेशी लवकर फुटण्याचे आजार यांत खोटा उतरतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) बरंच आढळतं, तिथे तर हे आवर्जून लक्षात ठेवावं. सिकलसेल आजारात एचबीए१सीवर विसंबू नये. थेट साखर मोजावी किंवा फ्रुक्टोसामिन ही रक्तचाचणी करावी, त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांचं चित्र कळतं. सोबत सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) केलेली असली की असा घोळ लवकर पकडता येतो.

आणि ६.५ ही रक्तवाहिन्यांसाठी सीमारेषा नाही. धोका त्याच्या खालूनच हळूहळू चढत असतो.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक: सगळं लक्ष साखर पाडण्यावर. अमेरिका आणि कॅनडातल्या अकॉर्ड चाचणीत आधीच हृदयाचा धोका असलेल्या मधुमेहींचं एचबीए१सी ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त झाल्याने २००८ मध्ये तो उपचार मुदतीआधी थांबवावा लागला. धमनी वाचवायची तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), रक्तदाब आणि तंबाखू (मशेरीसुद्धा) यांचा हिशेब साखरेइतकाच कसून ठेवा. चाळिशीनंतरच्या मधुमेहींना एलडीएल ‘नॉर्मल’ दिसत असतानाही बहुधा स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुचवतात. स्टॅटिनने साखर थोडी वाढू शकते, पण तेवढ्यासाठी मनानेच गोळी बंद करू नका. तिचा फायदा बराच मोठा आहे.

चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की थोड्या वेळात दुखणं जातं? वय म्हणून सोडून देऊ नका. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, हे गुणोत्तर काढून घ्या. ०.९० किंवा कमी म्हणजे पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत. मधुमेहात धमन्या कॅल्शियमने कडक होतात, तेव्हा १.४० च्या वरचा आकडा येतो आणि तो ‘उत्तम’ समजला जातो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा.