पॅनेलच्या पत्र्याला गोल भोक पाडताना

शेतातल्या मोटरसाठी स्टार्टरची पेटी बनवत होतो. पत्रा 1.6 मिलीमीटरचा, पुश बटण 22 चं. त्याला भोक लागतं 22.3 ते 22.7 मिलीमीटर. आधी साधं मोठं ड्रिल लावलं. पातळ पत्र्यात ते थरथरलं, भोक तिकोनी झालं, वर कानस मारून वाट लागली. रबरी वायसर बसेना. म्हणजे पावसाचं पाणी आत शिरणार.

मग स्टेप ड्रिल आणलं, म्हणजे वाढत्या मापाच्या पायऱ्या असलेलं शंकूसारखं बिट. भोक गोल आलं, पण माझ्या बिटावर 20, 22, 24 अशाच पायऱ्या. 22 ला बटण अडकतं, 24 ला ढिलं पडतं. घेताना 22.5 ची पायरी आहे का, एवढं नक्की बघा. पायरीची उंचीही पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त हवी.

खरा प्रश्न सुटला तो बोल्टने ओढायच्या पंचाने. बोल्ट जाईल एवढं भोक पाडायचं, एका बाजूला डाय म्हणजे पोकळ वाटी, दुसऱ्या बाजूला धारेचा पंच, आणि पान्याने आवळत जायचं. पत्रा कट्‌कन कापला जातो, कड सरळ. शिवाय पंचाने कापताना कीस उडत नाही. वायरिंग झालेल्या पेटीत मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण लोखंडाचा एक कण काँटॅक्टरमध्ये, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचमध्ये, गेला तरी शॉर्ट होऊ शकतो. स्टेनलेसला मात्र त्याच्यासाठीचाच पंच घ्या, साध्याची धार जाते.

कापलेल्या कडेला प्रायमर लावला. गंज तिथूनच सुरू होतो.