गावात हुतात्म्यांचा दिवस पाळायचा तर

दरवर्षी 30 जानेवारीला सकाळी गावाच्या ग्रुपवर कुणीतरी गुलाबाचं चित्र लावून टाकतंच: 'हुतात्मा दिनाच्या हार्दिक शुभेच्छा'. खाली वीस-पंचवीस अंगठे. टाकणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, बोटांना सवय लागलेली असते. पण शुभेच्छा सणाला द्यायच्या असतात. ज्या दिवशी कुणी गेलं, त्या दिवशी 'विनम्र अभिवादन' पुरे. तुमच्या गावात असा दिवस पाळायचं ठरत असेल, तर मंडप आणि भोंगा नंतर सांगा.

आधी ठरवा, दिवस कुणाचा

30 जानेवारी हा गांधीजींच्या हत्येचा दिवस, 1948 सालचा. सकाळी 11 वाजता दोन मिनिटं मौन, स्वातंत्र्यासाठी गेलेल्या सगळ्यांसाठी. 23 मार्च भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांचा. 26 जुलै कारगिलचा. 1999 च्या त्या लढाईत आपले 527 जवान गेले, म्हणून नाव 'विजय दिवस' असलं तरी डीजे लावताना दोनदा विचार करा. 16 डिसेंबरही विजयाचाच, 1971 चा, ढाक्यातल्या शरणागतीचा. 7 डिसेंबरला ध्वज दिन, 1949 पासून चालत आलेला, सैनिकांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा करायचा. आणि 14 जानेवारी माजी सैनिकांचा, म्हणजे जे आपल्यात आहेत त्यांचा. गेलेल्यांचा कार्यक्रम आणि असलेल्यांचा सत्कार एकाच मंडपात उरकला की दोघांनाही न्याय मिळत नाही, हे मी चार-पाच गावांत पाहिलं आहे.

विदर्भाच्या स्वतःच्या तारखा वेगळ्या. 16 ऑगस्ट 1942 ला, 'चले जाव'च्या दिवसांत, चिमूर आणि आष्टी इथं इंग्रजांविरुद्ध जो उठाव झाला, तो त्या पट्ट्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. 21 ऑक्टोबर देशभर पोलीस स्मृती दिन असतो, 1959 साली लडाखमध्ये चिनी सैन्याच्या गोळीबारात गेलेल्या 10 पोलिसांमुळे. पण चांदा (म्हणजे चंद्रपूर)-गडचिरोलीकडे त्याच तारखेला आणखी एक नाव घेतात. इंग्रजांविरुद्ध उठलेले गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी चांद्याला फाशी दिली ती 21 ऑक्टोबर 1858 ला. दोन्ही आठवणी एकाच सकाळी करायला काही हरकत नाही, फक्त कोणती कशाची ते पोरांना सांगा.

कॅलेंडरात नसलेल्याही तारखा असतात. 1 मे 2019 ला, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी केलेल्या भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस गेले, आणि गाडी चालवणारा एक खासगी ड्रायव्हर. बोलताना सगळे 'पंधरा जवान' म्हणतात. सोळाव्याच्या अंगावर वर्दी नव्हती, एवढंच. तुम्ही नावं वाचणार असाल तर सोळा वाचा.

नावांची यादी

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला, कारण बाकी सगळं एका संध्याकाळी जमतं. गावातून कोण सैन्यात गेलं, कोण पोलिसात, केंद्रीय राखीव दलात, कोण परत आलं नाही, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारा, पोलीस पाटलांना विचारा. मग घरी जाऊन कागद पाहा: पूर्ण नाव, हुद्दा, पलटण, तारीख. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातून वडिलांचं नाव ताडून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथंही नोंद मिळते.

एवढं कशाला, असं वाटेल. आमच्या भागातल्या एका गावात ग्रॅनाइटचा फलक बसला आणि त्यावर जवानाच्या वडिलांचं नाव चुकलं. तिसरीतल्या नातवानं बोट ठेवून वाचलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "हे तं दुसऱ्याचंच पोरगं झालं." दगडावरचं खोडता येत नाही. दीडेक वर्ष त्या जागी कागद चिकटवलेला होता. पाऊस आला की गळून पडायचा, शाळेचा शिपाई पुन्हा चिकटवायचा. दगड कोरायला देण्याआधी कच्चा मजकूर घरच्यांना वाचून दाखवा. दाखवा म्हणजे फोटो पाठवू नका, जाऊन वाचा.

वीरमातेच्या, वीरपत्नीच्या घरी आधी जा

निमंत्रणपत्रिका देऊन येऊ नका. बसा, चहा घ्या, विचारा: "काकू, कार्यक्रम करायचा म्हणतो, चालेल ना?" काहींना मंचावर यायचं नसतं. नाही म्हणाल्या तर नाही. फोटो त्यांनी दिला तोच लावा. फेसबुकवरून काढलेला नको.

आणखी एक, आणि यावर मी जरा कडक आहे. कार्यक्रमाआधी बायाबापड्यांचं हळदीकुंकू होतं आणि जिच्यासाठी सगळा घाट घातला तिलाच ओलांडून ताट पुढं जातं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, शाल-नारळ हातात घेऊन ती बाई बसलेली. एक तर सगळ्यांना लावा, नाहीतर ताटच आणू नका.

वेळ वावराची पाहून

26 जुलैला इकडे निंदण आणि डवरणी, पूर्वेकडे धानाची रोवणी. दहाचा कार्यक्रम ठेवला तर मास्तर आणि पोरं एवढेच येतील. सकाळी सातला ठेवा, अर्ध्या तासात संपवा. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, डिसेंबरात कापसाची वेचणी. तेव्हा संध्याकाळ बरी. पावसाळ्यात मंडपाच्या भरवशावर राहू नका, शाळेचा व्हरांडा मागून ठेवा.

प्रत्यक्ष कार्यक्रम

फुलं पहिल्यांदा घरची माणसं वाहतील. मग माजी सैनिक, मग गाव, पुढारी शेवटी. हे सरपंचांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे तिथं रुसवेफुगवे होत नाहीत. समोरचा सोफा कुणासाठी, तेही याच नियमानं ठरतं.

नावं एकानंच वाचावी, सावकाश, हुद्द्यासकट. वाचणाऱ्यानं घरी दोनदा वाचून यावं. मौन दोन मिनिटांचं असतं. गावात ते तीस सेकंदांत संपतं, कारण माइकवाला घाबरतो. एकाच्या हातात घड्याळ द्या. सुरुवातीला आणि शेवटी शाळेची घंटा. भाषण एकच, तेही पलटणीतल्या जोडीदाराचं किंवा वर्गमित्राचं. तो अडखळला तरी चालेल.

झेंड्याचं

टेबलावर तिरंगा अंथरून त्यावर फोटो ठेवू नका. फलकावर तिरंगा झाकून अनावरण करतात तेही ध्वजसंहितेत बसत नाही, साधं कापड घ्या. झेंडा अर्ध्यावर आणणं सरकारच्या आदेशानं होतं, ग्रामपंचायतीच्या ठरावानं नाही. कार्यक्रम संपल्यावर चिखलात पडलेले कागदी झेंडे पोरांकडून वेचून घ्या, आणि फाटलेला तिरंगा उकिरड्यावर न टाकता आडोशाला जाळा.

ध्वज निधीला पैसे देताना पावती मागा. मागायला लाजू नका, तो सरकारी निधी आहे.

आणि जे आहेत त्यांच्याकडे

14 जानेवारी बहुतेक वर्षी संक्रांतीलाच येते. लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती, फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली याच दिवशी निवृत्त झाले, म्हणून तारीख ही. तीळगूळ घेऊन फौजी काकांकडे जा, पोरांना घेऊन जा. ग्रामपंचायतीत असाल तर जाण्याआधी एक कागद तपासा: माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना घरपट्टी माफ करायचा निर्णय राज्यानं 2020 मध्ये घेतला आहे. सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो. एका हातानं शाल आणि दुसऱ्या हातानं कराची मागणी नोटीस, असं होऊ देऊ नका.

पोरांना आधीच सांगून ठेवा, 'तुम्ही किती मारले' असं विचारायचं नाही. जेवायला काय मिळायचं, थंडीत पाणी कसं प्यायचे, घरची चिठ्ठी किती दिवसांनी यायची, हे विचारा. काका मग बर्फातल्या चौकीवर बोलतील, नाहीतर पुलगावच्या दारूगोळा डेपोतल्या नोकरीवर. डेपोतली गोष्ट लांबली तरी उठू नका.