मरून, वाइन की विटकरी? नेलपॉलिशच्या लाल छटा ओळखताना

मरून आणि वाइन या छटा बाटलीत जवळजवळ सारख्याच दिसतात, कारण काचेमागचा जाड थर नखावरच्या पातळ थरापेक्षा गडद भासतो. म्हणून पारदर्शक कृत्रिम नखांवर प्रत्येक छटेचे दोन हात द्यावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत आणि मगच ती नखे पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पाहावीत. पिवळ्या दिव्याखाली निळसर झाक दबते आणि वाइनसुद्धा विटकरीकडे झुकलेली वाटते. आधी झाक निळसर की तपकिरी हे ठरवावे, गडदपणा नंतर. लिपस्टिकच्या छटा पारखताना मात्र ओठांचा मूळ रंगही त्यात मिसळतो, त्यामुळे मनगटावर ओढून पाहिलेली रेघ (दुकानदार कितीही आग्रह करोत) फारशी उपयोगाची नसते. बोटाच्या टोकावर लावून पाहणे त्यातल्या त्यात बरे.