अपाचीवाले रेडिओवर काय बोलतात ते कसं समजून घ्यायचं

दाबोळी, चिखली, बोगमाळो साइडला राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरचं नवल नाही, डोक्यावरून जातातच, पण ती बहुतेक नेव्हीची, पाणबुड्या शोधणारी नाहीतर समुद्रात अडकलेल्याला उचलणारी. अटॅक हेलिकॉप्टर म्हणजे वेगळं प्रकरण. आपल्या एअर फोर्सची अपाची पठाणकोटला सप्टेंबर 2019 मध्ये आली, आणि विमानं बनवणाऱ्या आपल्या सरकारी एचएएल कंपनीचं "प्रचंड" नावाचं अटॅक हेलिकॉप्टर जोधपूरला ऑक्टोबर 2022 मध्ये. गोव्यात बसून आपल्याला ती भेटतात ती सिम्युलेटर गेममध्ये आणि कॉकपिटच्या व्हिडिओत, आणि तिथे टॅली, बिंगो, विंचेस्टर असं काहीतरी सुरू झालं की अर्ध्या लोकांची विकेट जाते. मग ते नेटवरची शंभर शब्दांची लिस्ट डाउनलोड करतात आणि पाठ करायला बसतात. ती लिस्ट फेकून द्या. यातला प्रत्येक शब्द कुठल्यातरी एका प्रश्नाचं उत्तर असतो: मशीन कोणाच्या हातात, कोणाला काय दिसतंय, काय मारलं, किती उरलंय. प्रश्न लक्षात ठेवा, शब्द आपोआप डोक्यात बसतात.

सुरुवात सीटपासून. अपाचीत दोघं एकामागे एक बसतात, पायलट मागे आणि को-पायलट गनर पुढे, म्हणून फ्रंट सीट आणि बॅक सीट हे शब्द सारखे येतात. बऱ्याच जणांना वाटतं पुढचा तो ड्रायव्हर, तसं नाही, पुढचा मुख्यतः टार्गेट शोधतो आणि हत्यारं चालवतो, पण कंट्रोल्स दोघांकडेही असतात. आणि इथेच सगळ्यात महत्त्वाचं बोलणं येतं. "यू हॅव द कंट्रोल्स", समोरून "आय हॅव द कंट्रोल्स", मग पहिला परत "यू हॅव द कंट्रोल्स". तीन वेळा. ऐकायला पोरखेळ वाटतो पण दोघांनाही वाटलं की समोरचा उडवतोय तर प्रत्यक्षात कोणीच उडवत नसतं. तसंच "इनसाइड" आणि "आउटसाइड". कोणी स्क्रीनमध्ये डोकं घालणार असेल तर तो आधी "इनसाइड" असं सांगतो म्हणजे दुसऱ्याने बाहेर बघत राहायचं, झाडं, तारा, डोंगर. हेलिकॉप्टर जमिनीला लागून उडतं तिथे विजेच्या तारा शत्रूइतक्याच वाईट, म्हणून "वायर्स!" हा एक शब्द ऐकला की बाकी सगळं बोलणं थांबतं.

दिशा घड्याळावर. नाक म्हणजे बारा वाजता, उजवीकडे तीन, शेपटीला सहा. याची प्रॅक्टिस करायला सिम्युलेटर पण नको, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात स्कूटरवर मागे बसा आणि पुढच्याला सांगत राहा, टेम्पो दोन वाजता, गाय अकरा वाजता, लेफ्ट क्लिअर. पुढचा वैतागेल, पण थोड्याच वेळात तुम्ही "तिकडे बघ तिकडे" म्हणायचं सोडून द्याल, आणि तेच हवंय.

आता डोळ्यांचे चार शब्द, आणि इथे मात्र घाई करू नका कारण ऑनलाइन खेळणाऱ्यांतले निम्मे लोक हे उलटसुलट वापरतात. टॅली म्हणजे शत्रू किंवा टार्गेट दिसलं. व्हिज्युअल म्हणजे आपला माणूस दिसला, आपलं दुसरं हेलिकॉप्टर किंवा खालचे आपले जवान. दिसलं नाही तर टार्गेटसाठी नो जॉय आणि आपल्यासाठी ब्लाइंड. म्हणजे दोन शब्द शत्रूचे, दोन आपल्या माणसांचे, मध्ये भिंत. टार्गेट दिसल्यावर कोणी "व्हिज्युअल" म्हणाला तर ऐकणारा समजणार की याला आपली पोरं दिसली, आणि तिथून पुढे आपल्याच लोकांवर गोळी जायला वेळ लागत नाही. काहीच दिसत नाही, काहीच कळत नाही, टार्गेट कुठे आपले कुठे पत्ता नाही, अशा वेळी चक्क "टंबलवीड" म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, ऑफिसच्या मीटिंगमध्ये पण चालेल.

मारण्याचे शब्द थोडे आहेत. हेलफायर, म्हणजे अपाचीचं जमिनीवरच्या टार्गेटसाठीचं मिसाइल, सोडलं की "रायफल". तोफेसाठी "गन्स", अपाचीच्या नाकाखाली जी 30 मिलिमीटरची चेन गन लटकलेली असते तिच्यासाठी, ती पायलटच्या उजव्या डोळ्यासमोरच्या भिंगाला जोडता येते म्हणजे तो बघेल तिकडे नळी फिरते. हत्यार टार्गेटवर पोचलं की "स्प्लॅश". पण खाली आपले जवान असतील तर मनाला आलं म्हणून मारता येत नाही, जमिनीवरचा कंट्रोलर "क्लिअर्ड हॉट" म्हणाला तरच, आणि ते त्या एका फेरीपुरतं. "अबॉर्ट अबॉर्ट अबॉर्ट" आलं की बोट बाजूला.

"डेंजर क्लोज" बद्दल एक सांगतो कारण गेमवाले हे शत्रू जवळ आला म्हणून ओरडत सुटतात. शत्रूशी त्याचा संबंध नाही. आपलेच जवान टार्गेटच्या इतके जवळ आहेत की आपल्याच हत्याराने त्यांना इजा होऊ शकते, असा त्याचा अर्थ. अमेरिकन पद्धतीत अशा वेळी खालचा कमांडर रेडिओवर स्वतःच्या नावाची इनिशियल्स देतो, म्हणजे जबाबदारी माझी, मारा.

उरलंय किती याचे शब्द: "जोकर" म्हणजे इंधन अशा पातळीवर आलं की आता आवरायला घ्या, "बिंगो" म्हणजे निघाच, एवढ्यात घरी पोचता येईल आणि जास्त काही नाही. तंबोलातला बिंगो इथे बक्षिसाचा नाही. "विंचेस्टर" म्हणजे दारूगोळा संपला. "रेमिंग्टन" म्हणजे मिसाइल रॉकेट संपले, फक्त गन किंवा स्वतःच्या बचावापुरतं शिल्लक. मग "आरटीबी" करून तळावर परत, किंवा फार्पवर, म्हणजे लढाईच्या जरा मागे जिथे इंधन आणि दारूगोळा भरून परत पाठवतात ती जागा.

आता हे एकत्र ऐका. पुढच्या सीटवरून येतं: "टॅली टू ट्रक्स, इलेव्हन ओ'क्लॉक. व्हिज्युअल फ्रेंडलीज." खालून: "क्लिअर्ड हॉट." मग "रायफल", काही सेकंद शांतता, "स्प्लॅश", आणि शेवटी "रेमिंग्टन, जोकर". दोन ट्रक डावीकडे पुढे दिसले, आपले जवान पण दिसतायत, परवानगी मिळाली, मिसाइल सोडलं, लागलं, आता फक्त तोफ उरलीय आणि इंधन उतरतंय. अख्खी गोष्ट झाली, ती पण एका दमात. कॉकपिटचा व्हिडिओ बघताना असंच करा, दर शब्दाला पॉज करून हा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय ते विचारा.

उडण्याचे शब्द वेगळे. नॅप ऑफ द अर्थ म्हणजे झाडाझुडपांच्या उंचीला डोंगराआडून उडणं. अनमास्क म्हणजे आडोशातून वर येऊन दिसणं, रीमास्क म्हणजे परत लपणं. आयजीई आणि ओजीई हे दोन मात्र कळायला हवेत. पंख्याच्या व्यासाच्या आसपास किंवा त्याहून कमी उंचीवर जमिनीची मदत मिळते, कमी ताकदीत तरंगता येतं, ते आयजीई, म्हणजे इन ग्राउंड इफेक्ट. अपाचीचा पंखा 14.63 मीटरचा, म्हणजे साधारण तेवढी उंची ओलांडली की ओजीई, आउट ऑफ ग्राउंड इफेक्ट, तिथे सगळा भार इंजिनवर. हवा गरम, दमट किंवा विरळ असेल तर अजून वाईट. कारगिलमध्ये 1999 ला एमआय-17 ला, म्हणजे माणसं आणि सामान वाहणाऱ्या हेलिकॉप्टरला, रॉकेट लावून वर पाठवावं लागलं, 28 मे ला तोलोलिंगजवळ एक शत्रूने पाडलं, आणि उंचावर लढणारं स्वतःचं हेलिकॉप्टर हवं हे तिथून ठरत गेलं, तेच आजचं प्रचंड. "ब्राउनआउट" म्हणजे उतरताना पंख्याने उडवलेल्या धुळीत काही न दिसणं. सांगे-सत्तरीकडची लाल माती मे महिन्यात बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि अरे पात्रांव, "रिपीट" म्हणू नका. ऐकू आलं नाही तर "से अगेन". तोफखान्याच्या रेडिओवर रिपीट म्हणजे मघाशी मारलं तसंच परत मारा. "ओव्हर अँड आउट" पण सिनेमातलं, ओव्हर म्हणजे तू बोल आणि आउट म्हणजे माझं संपलं, दोन्ही एकदम कसं?

टोपणनावं सगळ्यात शेवटी शिका, ती मजेची आहेत पण त्यांच्याशिवाय अडत नाही. कोब्रा या अमेरिकन अटॅक हेलिकॉप्टरला म्हणतात "स्नेक". एमआय-24 या रशियन अटॅक हेलिकॉप्टरला नाटोने "हाइंड" नाव दिलं, रशियन लोक स्वतः त्याला मगर म्हणतात. व्हिएतनामच्या वेळी शोधणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरांची टीम पांढरी, मारणाऱ्या कोब्रांची लाल, दोन्ही एकत्र गेले तर "पिंक टीम". आणि "जीझस नट", ह्युई या व्हिएतनामच्या काळातल्या अमेरिकन हेलिकॉप्टरच्या मुख्य पंख्याला धरून ठेवणारा तो एक नट, सुटला तर जेझूचं नाव घेण्यापलीकडे हातात काही नाही. आमच्या वास्कोत हा जोक समजावून सांगावा लागत नाही.

प्रॅक्टिससाठी दोन सीटचं सिम्युलेटर मित्राबरोबर खेळा, एक पुढे एक मागे, आणि नियम एकच, मराठीत शिव्या चालतील पण टॅलीच्या जागी "दिसला रे दिसला" नाही. दाबोळीच्या बाजूला स्कॅनर लावून नेव्हीचं ऐकायचा उद्योग करू नका, लायसन्सशिवाय असली उपकरणं कायद्यात बसत नाहीत आणि नेव्ही गंमत म्हणून सोडून देणार नाही. त्यापेक्षा बोगमाळोच्या रस्त्यावर नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे तिथे जा. अटॅक हेलिकॉप्टर नाही, पण नेव्हीची जुनी हेलिकॉप्टरं हाताच्या अंतरावर आहेत, पंखा जिथे दांड्याला जोडलाय तिथे मान वर करून नीट बघा. सोमवारी बंद असतं.