इंजिन रूममध्ये रोजची दहा मिनिटं

समुद्रावर निघायच्या घाईत बर्फ, डिझेल, जाळी सगळं आठवतं. इंजिन रूमचं झाकण मात्र फक्त स्टार्टर मारण्यापुरतं उघडतं. उद्यापासून उघडल्यावर आधी वास घ्या. डिझेलचा भपकारा किंवा जळक्या रबराचा वास आला, तर तो कुठून येतो ते सापडेपर्यंत चावी फिरवायची नाही.

मग टॉर्च तळाकडे मारा. पाणी कालच्यापेक्षा जास्त आहे? त्यावर रंगीत तवंग आहे? तवंग म्हणजे डिझेल नाहीतर ऑइल गळतंय. ते पाणी खाडीत उपसू नका, कॅनमध्ये भरून किनाऱ्यावर आणा.

डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी, पुसून परत घाला आणि बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. मेकॅनिक येईपर्यंत इंजिन बंदच. न भरता पातळी वाढलेली दिसली तरी खूश होऊ नका, डिझेल किंवा पाणी मिसळत असतं. कूलंट इंजिन थंड असतानाच तपासा. डिझेल फिल्टरच्या काचेच्या वाटीत तळाला पाणी दिसलं तर खालचा स्क्रू सैल करून ते पाणी काढून टाका.

समुद्राच्या पाण्याने थंड होणारं इंजिन असेल तर समुद्राचं पाणी आत घेणारा वॉल्व्ह बंद असतानाच गाळणीत अडकलेला कचरा काढा, मग वॉल्व्ह उघडा. हल्ली शेवाळापेक्षा प्लास्टिकच जास्त निघतं. इंजिन सुरू झालं की एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का बघा. पडत नसेल तर लगेच बंद. पंपातलं पाणी खेचणारं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, कोरडा फिरला की पाती तुटायला वेळ लागत नाही.

आता ग्लँड, म्हणजे पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट बोटीबाहेर पडतो ती जागा. दोरीचं पॅकिंग असेल तर शाफ्ट फिरताना तिथून मिनिटाला काही थेंब गळायलाच हवेत, त्यांनीच तो थंड राहतो. नवखा माणूस गळती बघून पाना घेतो आणि नट करकचून आवळतो. पॅकिंग जळतं, शाफ्टला खोबण पडते. धार लागली असेल तरच, इंजिन बंद करून, दोन्ही नट सारखेच, एका वेळी थोडेसे फिरवा. पुन्हा चालवून ग्लँडच्या बाहेरच्या भागाला हात लावा. कोमट ठीक, चटका बसला तर नट ढिले करा. हात फिरत्या शाफ्टपासून लांब ठेवा. गळ्यातला पंचा वर काढून ठेवूनच खाली उतरा.

धक्क्याला परतल्यावर वॉल्व्ह बंद करा आणि इंजिन थंड झालं की फडक्याने पुसून काढा. पुसलेल्या इंजिनावर सकाळी ऑइलचा एक थेंब असला तरी टॉर्चमध्ये चमकतो.