जुना सबवूफर घेताना या चुका टाळा

दणदणीत गाणं लावून सबवूफर, म्हणजे खोल स्वरांचा (बासचा) स्पीकर, पारखणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. विकणारा आवाज वाढवतो, घेणाऱ्याच्या छातीत धडधडतं आणि तिथेच सौदा होतो. पण त्या आवाजात खिडक्या-कपाटंही थरथरत असतात. कोनची (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याची) बारीक खरखर ऐकू येणार कशी?

मी असाच एक बारा इंची उचलला होता. जाळी काढा म्हटल्यावर मालक म्हणाला, "घट्ट बसलीय, खुंट्या तुटतील." मी मान्य केलं. चौथ्या रात्री हळू आवाजात चित्रपट लावला, तर प्रत्येक खोल स्वराबरोबर कागद फाटल्यासारखा आवाज. जाळी काढली. कोनभोवतीची फोमची कड दिसायला काळी, अखंड. बोट टेकवलं तर चुरा हातात आला. एका अंगाला ती सुटली होती, कोन तिरका चालत होता आणि व्हॉइस कॉइल (कोनला हलवणारी तारेची गुंडाळी) चुंबकाच्या फटीत घासत होती. नुसती कड गेली असती तर नवी चिकटवून भागलं असतं. कॉइलच्या तारेवरचं आवरणच घासून गेलं होतं. ड्रायव्हर, म्हणजे कोन-कॉइल-चुंबकाचा अख्खा संच, बदलावा लागला.

तेव्हापासून जाळी निघत नसेल तर मी परत फिरतो. वीज बंद करून दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर टेकवतो, अलगद आत दाबतो, कान जवळ नेतो. सरसर आली की विषय संपला. मग फोनवरच्या टोन जनरेटरवरून (हव्या त्या स्वराचा आवाज काढणारं ॲप) 20 ते 100 हर्ट्झ हळूहळू फिरवतो, आवाज कमीच ठेवून. पोर्टवाल्या (हवेचं भोक असलेल्या) पेटीत तर फारच कमी, कारण पोर्ट ज्या स्वराला जुळवलेला असतो त्याच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही. "फारसा वापरलाच नाही" याला भुलू नका. फोम वापराविनाही विरतो. रबराची कड जास्त टिकते.

दुसरी चूक, पाच मिनिटांत चाचणी उरकणं. आतला ॲम्प्लिफायर थंड असताना शहाण्यासारखा वागतो, तापल्यावर बंद पडतो किंवा गुणगुणू लागतो. मी अर्धा तास बसतो. घाई असेल तर नवा घ्यावा. गुणगुण आली की सिग्नलची केबल काढून पाहा. तरीही राहिली तर दोष बहुधा ॲम्प्लिफायरचा. थांबली तर बहुधा केबल किंवा अर्थिंगचा. अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवणारे पाहिले की माझा संताप होतो. ती पिन जीव वाचवायला असते.

सबवूफर पॅसिव्ह, म्हणजे आत ॲम्प्लिफायर नसलेला, आहे का हे आधी विचारा; त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. मागच्या पट्टीवर 115 व्होल्ट की 230, तेही वाचा. पीएमपीओचे (जाहिरातीतले फुगवलेले) वॅट वाचूच नका.

घरी आणल्यावर बास पातळ वाटला तर लगेच विकणाऱ्याला शिव्या देऊ नका. रिसीव्हरमध्ये (स्पीकरना सिग्नल देणाऱ्या मुख्य यंत्रात) क्रॉसओव्हर, म्हणजे सबवूफरकडे किती हर्ट्झखालचे स्वर जावेत ती सीमा, बहुतेकदा 80 हर्ट्झला लावलेला असतो आणि सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटणही तिथेच ठेवलेलं असतं, म्हणजे कापाकापी दोनदा. सबवूफरवरचं ते बटण सगळ्यात जास्त हर्ट्झपर्यंत फिरवा. फेजचं बटण (कोनची हालचाल उलटवणारं) 0 आणि 180 वर बदलून बसायच्या जागेवरून ऐका, जिथे बास भरीव लागेल तिथे ठेवा. उलट बास घुमत असेल तर पेटी कोपऱ्यातून थोडी पुढे ओढा.