गाडीचे हप्ते थकले आणि पगारावर जप्ती आली, तर काय कराल?

गाडी ओढून नेली म्हणजे कर्ज मिटलं, असं समजून कितीतरी जण स्वस्थ बसतात. मग एक दिवस ऑफिसच्या अकाउंट्समधून बोलावणं येतं: कोर्टाचा आदेश आलाय, या महिन्यापासून तुमचा पगार कापायचा आहे. खरी लढाई या दिवसाच्या बरीच आधी असते.

आधी हिशेब मागा. जप्त गाडी बहुतेकदा पडत्या भावात जाते आणि विक्रीचे पैसे वजा करून उरलेली रक्कम तुमच्याच नावावर राहते. बँकेला लेखी पत्र देऊन पोच घ्या: लिलाव कधी झाला, गाडी कितीला गेली, खात्यात किती जमा केले. कर्जखात्याच्या उताऱ्याच्या एकेका ओळीवर बोट ठेवून वाचा. ओढून नेण्याचा खर्च, यार्डाचं भाडं, चेक न वटल्याचा दंड... करारात नसलेलं काही दिसलं तर लेखी हरकत घ्या. तडजोडीची उत्तम वेळ हीच. मात्र ठरलेली रक्कम आणि मुदत बँकेच्या लेटरहेडवर हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. वसुली एजंटच्या तोंडी शब्दावर तर मुळीच नको.

समन्स घ्या. बँकेच्या दाव्याचं समन्स घेऊन बेलिफ, म्हणजे कोर्टाचा कर्मचारी, दारात आला की दार लावून घेण्याचा मोह होतो. पण समन्स नाकारलं तरी ते बजावलं गेलं असंच धरतात आणि दावा एकतर्फी चालतो. साध्या दाव्यात कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस मिळतात, कोर्ट ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. समरी दाव्यात (लेखी करारावरच्या पैशांच्या झटपट दाव्यात) मात्र हजर व्हायला फक्त १० दिवस असतात. करारात लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडे नेण्याचं, कलम असेल तर लवादाची नोटीस येईल. तीही बाजूला टाकू नका, कारण लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखीच, म्हणजे कोर्टाच्या अंतिम निकालासारखीच होते.

कर्ज मान्य असलं तरी कोर्टात जाच. हुकूमनामा होण्याआधी कोर्ट योग्य कारण पाहून हप्ते बांधून देऊ शकतं. तो झाल्यावर त्यासाठी बँकेची संमती लागते. हा फरक फार थोड्यांना वेळेवर कळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

एकतर्फी हुकूमनामा आधीच झाला असेल तर तो रद्द करून घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करा. समन्स नीट बजावलंच नसेल, तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

कपातीचं गणित स्वतः करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही. समजा, महिन्याचा पगार ४०,००० आहे. १,००० बाजूला काढा, उरले ३९,०००. त्याचे दोन तृतीयांश २६,०००. म्हणजे २७,००० तुमचे, आणि कपात फार तर १३,०००. पगाराची स्लिप आणि आदेशाची प्रत शेजारी ठेवून ताडून बघा. मजुरांची मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी तर जप्तीतून पूर्ण वगळलेले आहेत.

नुसत्या बँकेच्या पत्रावर कंपनी पगार कापत असेल तर कोर्टाचा आदेश मागा. पतसंस्थेचं कर्ज असेल तर गोष्ट वेगळी. कर्ज घेताना पगारातून कपातीचा करार लिहून दिला असेल, तर सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली तुमची कंपनी पगारातून पैसे कापू शकते. शिवाय त्याच कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निबंधकच, म्हणजे सहकार खात्याचा अधिकारी, देतो, त्याला कोर्टाचा दावा लागत नाही. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज, म्हणजे तो वरच्या पातळीवर तपासून घेण्याचा अर्ज, करायचा तर वसुलीच्या रकमेपैकी ५० टक्के आधी भरावे लागतात. म्हणून १०१ ची नोटीस आली की निबंधकासमोरच आपलं म्हणणं पूर्ण मांडा.

महिने मोजत राहा. एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिने पगारावर जप्ती राहिली, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. कर्ज उरलं असलं, तरी बँकेला त्यासाठी दुसरी मालमत्ता शोधावी लागते. पंचविसाव्या महिन्यातही कपात दिसली तर सगळ्या स्लिपा जोडून त्याच कोर्टात अर्ज द्या. अकाउंट्सवाले स्वतःहून ती थांबवतील या भरवशावर राहू नका.